चुलीजवळचा माग

घरगुती विणकाम म्हणजे फावल्या वेळचा छंद, अशी आपल्या शहरी मंडळींची समजूत असते. आसामांतील चित्र याहून निराळें आहे. तेथें खेड्यापाड्यांतून पडवींत किंवा अंगणांतील छपराखालीं माग दिसतो. मिसिंग लोकांचीं घरें खांबांवर उभारलेलीं असतात, म्हणून त्यांचा माग घराखालच्या मोकळ्या जागेंत. सन २०१९-२० च्या हातमाग-गणनेंत देशांतील सर्वांत अधिक विणकर आसामांत आढळले, आणि त्यांत बहुतेक स्त्रियाच आहेत. चूल आणि माग हीं दोन्हीं एकच गृहिणी एकाच दिवसांत कशीं सांभाळते, तें आज सांगावयाचें आहे.

एक कारण मागाच्या रचनेंत आहे. पायाखालची पावडी दाबली कीं ताण्याचे कांहीं धागे वर उचलले जातात व कांहीं खालीं राहतात. मधल्या फटींतून धोटा फेंकावयाचा, फणीनें बाण्याचा धागा ठोकावयाचा आणि दुसरी पावडी दाबावयाची. (आम्ही मास्तर मंडळी ‘ताणाबाणा’ हा शब्द अलंकार म्हणून फार वापरतों, उभा कोणता आणि आडवा कोणता, हें विचारूं नये!) हें काम कोणत्याहि क्षणीं थांबवितां येतें. भाताला उकळी आली तर धोटा ठेवून उठावें. परत यावें तों कापड होतें तसेंच.

दुसरें कारण अधिक मौजेचें आहे. प्रत्येक ठोक्याबरोबर फणी ताण्याला घांसते. कोऱ्या सुतावरचे तंतु उभे राहून एकमेकांत अडकतात व धागा तुटतो. म्हणून ताण्याला खळ द्यावी लागते, आणि ती भाताची असते. शिजविलेल्या भाताच्या पातळ पेजेंत सुताच्या लडी भिजवितात, पिळतात, झटकून धागे मोकळे करतात व वाळवितात. खळ फार पातळ झाली तर तंतु बसत नाहींत. फार दाट झाली तर धागा कडक होऊन मोडतो. बाण्याला असें घर्षण सोसावें लागत नाहीं, म्हणून त्याला खळ नको.

एरी रेशमाचें नातें तर स्वयंपाकघराशीं याहून जवळचें. एरी हें नांव एरंडावरून पडलें, कारण हा किडा एरंडाचीं पानें खातो. त्याच्या कोशाचें एक टोंक उघडें असतें, त्यामुळें त्यांतून अखंड तंतु निघत नाहीं. तो कापसासारखा कांतावा लागतो. कांतण्यापूर्वीं कोशांतला डिंक सुटावा म्हणून ते राखेच्या क्षारपाण्यांत उकळतात. केळीच्या वाळलेल्या सालींच्या राखेंतून निथळलेलें असेंच पाणी कच्च्या पपईच्या भाजींत घालतात आणि त्या पदार्थालाहि ‘खार’च म्हणतात. कोशांतला किडाहि पुष्कळ घरीं आवडीनें खाल्ला जातो. उरल्या कोशाची उबदार शाल होते.

एप्रिलच्या मध्यास बिहूचा सण येतो. घरोघरीं तांदुळाच्या पिठाचे, तीळगुळाचे पिठे होतात आणि त्याआधीं मागावर गामोसे तयार होतात. गामोसा म्हणजे अंग पुसण्याचें वस्त्र. पांढरें, तांबड्या कांठांचें, एका टोंकाला विणलेल्या फुलांचें. आपल्याकडे मानाचें उपरणें देतात, तसा तो वडीलधाऱ्यांना व जिवलगांना देतात.

हाच गामोसा यंत्रमागावर स्वस्तांत निघूं लागला. डिसेंबर २०२२ मध्यें त्याला भौगोलिक मानांकन मिळालें, आणि १ मार्च २०२३ पासून आसाम सरकारनें, १९८५ च्या हातमाग-राखीव कायद्याच्या आधारें, यंत्रमागावरील गामोशाच्या विक्रीस बंदी केली. विकण्यासाठीं विणणाऱ्या बाईला याचा आधार झाला असेल. परंतु घरापुरतें विणणारीच्या श्रमाची मजुरी कोणी मोजीतच नाहीं. तिच्या मुलीचा दिवस कचेरींत जाऊं लागला कीं भात शिजेपर्यंतचे ते मोकळे तुकडे उरत नाहींत, आणि मग हातमागाचा काय, यंत्रमागाचा काय, गामोसा बाजारांतूनच आणावा लागतो. मला हा धोका स्वस्त मालाहून मोठा वाटतो, आणि त्यावर कायद्याचा इलाज चालत नाहीं.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असा गामोसा भेट आला, तर तो पाणी टिपीत नाहीं अशी तक्रार लगेच करूं नये. त्यांत अजून भाताची खळ आहे. दोनतीनदां थंड पाण्यांत धुतला कीं ती निघून जाते, आणि सूत मऊ पडतें.