तेऱ्याचे पहिले पान

सुरतेजवळच्या उधना स्थानकातून जळगावकडे निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकीत नवापूरला पोहोचते. या स्थानकाचा एक भाग गुजरातेत, तर दुसरा महाराष्ट्रात आहे. याच वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरत-उधन्याच्या यंत्रमागांवर पोटासाठी आली. नंदुरबारकडील आदिवासी बारडोलीच्या बाजूस ऊसतोडीला येतात. माणसे येतात, पण त्यांच्या रानातले शहाणपण त्यांच्यासवे येतेच असे नाही. त्या शहाणपणाचा एक लहानसा मासला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

या लोहमार्गाच्या दक्षिणेस डांगचे अरण्य आहे. तेथे कोकणा, वारली, भिल्ल यांची वस्ती आहे. पहिला पाऊस पडला की रानअळूला कोवळी पाने फुटतात. त्यास तिकडे ‘तेरा’ म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस घरातील धान्य सरत आलेले असते; तरीही आषाढात तेऱ्याचा सण होऊन देवापुढे पान ठेवल्यावाचून ते तोंडास लावावयाचे नाही, असा दंडक आहे.

यात देवभोळेपणाखेरीज काय आहे? अळूचा कंद जमिनीत साठविलेल्या अन्नावर पहिली पाने फुटवितो. पुढे तीच पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करून कंदाची झीज भरून काढतात. पाने फुटताच खुडली, तर कंद रोडावतो आणि पुढील वर्षी भाजी कमी येते. चार आठवडे धीर धरला, तर पानही मिळते आणि मूळही टिकते. ज्यांनी हा नियम घातला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ वाचला नव्हता. नियम सणात गुंफला गेला, म्हणून अक्षरओळख नसतानाही आजीकडून नातीकडे पोहोचला.

मात्र अशा नियमाचे खरे बळ श्रद्धेइतकेच एकोप्यात असते. एकाने थांबावे आणि शेजाऱ्याने टोपली भरून बाजारात न्यावी, असे झाले तर थांबणारा मूर्ख ठरतो. सारा गाव एकाच दिवशी सण करतो, म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. ज्या रानावर गावाचा अधिकार नाही, तेथे गावाचा संयम फार काळ टिकणे कठीण. म्हणूनच 2006 च्या वनहक्क कायद्याने वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मान्य केला, ही मोठी गोष्ट होय. 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकज्ञानाची नोंदवहीही करावयाची असते.

जुने ते सारेच सोने, असे मी म्हणत नाही. प्रत्येक रूढी पारखूनच घ्यावी. परंतु पारखावयास ती आधी ऐकावी तर लागेल! उधन्यात वाढणाऱ्या मुलाला अळूची जुडी बाजारात मिळते. त्याला थांबावे लागत नाही. पण खाडीचे पात्र, विहिरीचे पाणी, रस्त्याकडेची झाडे ही त्याच्याही वाट्याची सामाईक ठेव आहे, आणि तिच्याबाबत ‘आधी सर्वांनी मिळून थांबावयाचे’ हाच धडा त्याला हवा आहे.

तेव्हा श्रोतेहो, सुटीत गावी जाल तेव्हा घरातील म्हाताऱ्या माणसापाशी घटकाभर बसा. कोणती भाजी केव्हा खुडावयाची नाही, कोणत्या झाडास कुऱ्हाड लावावयाची नाही, हे विचारा आणि लिहून ठेवा. तो माणूस गेल्यावर हे विचारावे कोणास?