दंडावर न मोजला जाणारा रक्तदाब

रक्तदाब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दंडाला गुंडाळलेली पट्टी येते. तिच्यावर कळतो तो हृदयाच्या डाव्या कप्प्याचा दाब. उजवा कप्पा रक्त धाडतो ते अगदी शेजारी, फुफ्फुसांकडे. वाट थोडी आणि रक्तवाहिन्या लवचिक, म्हणून तेथे सरासरी दाब पाऱ्याचा १४-१५ मिलिमीटर असला तरी पुरतो. विश्रांतीच्या स्थितीत हा दाब २० च्या वर गेला की त्यास आज फुफ्फुसी उच्च रक्तदाब म्हणतात. दंडावरची पट्टी मात्र त्याची कसलीच खबर देत नाही. उजव्या कप्प्याची भिंत मुळात पातळ. ती हे जादा ओझे काही काळ सोसते, मग कप्पा फुगतो, पायांवर सूज येते, चालता चालता घेरी येते.

हा विकार का होतो? काहींत, विशेषतः स्त्रियांत, कारण सापडतच नाही. असे रुग्ण लाखांतही क्वचित आढळतात. काहींच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र असते. परंतु रायपूरविषयी बोलताना आणखी एका कारणापाशी थांबणे भाग आहे. ते कारण म्हणजे सिकलसेल.

मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोलंकी यांचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १९५६ पर्यंत, नागपूर व रायपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्ये वेगळी झाली. आनुवंशिक दोषाला सीमा कोठून ठाऊक असणार? गडचिरोली-गोंदियापासून छत्तीसगडच्या मैदानापर्यंत तो पसरलेला आहे. तो केवळ आदिवासींचा आजार, हा समजही खोटा. साहू व कुर्मी समाजांतही तो बराच आढळतो. आई व वडील या दोघांकडून दोष आला, म्हणजे मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते.

रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच संपते. फुटलेल्या पेशीतले हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे होते आणि नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा हाच वायू. तो कमी पडला की फुफ्फुसातील बारीक धमन्या आवळतात आणि वर्षानुवर्षे आवळून त्यांच्या भिंती जाड होतात. शिवाय गुठळ्या अडकतात, हे दुसरे. तिसरे असे की, रक्तक्षयामुळे सदैव जादा राबलेला डावा कप्पा ताठर होतो आणि दाब मागच्या मागे फुफ्फुसांत चढतो.

निदानात घोटाळा होतो तो येथेच. तिशीतली एखादी रुग्ण स्त्री म्हणते, 'जिना चढताना दम लागतो.' घरचे म्हणतात, रक्त कमी आहे, लागणारच. ते उत्तर खरेही असते, म्हणून तर पुढे कोणी विचारीत नाही. पण हिमोग्लोबिन नेहमीइतकेच असून दम मात्र वाढत चालला असेल, तर हृदयाची इको तपासणी केलीच पाहिजे.

इकोने संशय येतो. निर्णय होत नाही. फ्रान्समध्ये ३९८ प्रौढ सिकलसेल रुग्णांची पाहणी झाली, तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. इकोने २७ टक्क्यांबाबत संशय आला. हृदयात नलिका घालून प्रत्यक्ष दाब मोजला तेव्हा ६ टक्केच रुग्ण ठरले. ही नलिका म्हणजे फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराची करामत. १९२९ साली त्याने ती स्वतःच्याच दंडातील शिरेतून हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढून घेतले! १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नलिकेने दाब कोणत्या बाजूचा हे कळते. गुठळ्या शोधण्यास फुफ्फुसांचे वेगळे चित्रण लागते.

उपचार ठरतो तो या उत्तरावर. अन्य रुग्णांच्या फुफ्फुसातील धमन्या सैल करणारे सिल्डेनाफिल सिकलसेलमध्येही गुण देईल, अशी आशा होती. परंतु त्याची चाचणी २००९ साली मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांना अंगदुखीचे तीव्र झटके येऊन रुग्णालयात जावे लागण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा मूळ रोगच आवरणे हे पहिले काम. त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया नियमाने घ्यावे, गरजेप्रमाणे रक्त द्यावे, प्राणवायू कमी पडत असेल तर तो पुरवावा. गुठळ्या असल्या तर रक्त पातळ ठेवणारी औषधे, आणि काही निवडक रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढताही येतात. धमन्या सैल करणारी औषधे तज्ज्ञाने नलिकेची तपासणी पाहूनच द्यावीत. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नयेत.

एक गोष्ट घरात सहसा उघडपणे बोलली जात नाही. गर्भारपणात अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. आवळलेल्या धमन्यांतून ते पुढे ढकलणे थकलेल्या उजव्या कप्प्याला झेपत नाही, आणि बाळंतपणाच्या सुमारास मातेच्या जिवाला मोठा धोका संभवतो. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलीचा इको व्हावयाचा तो दिवस राहिल्यावर नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी; आणि त्याचा निकाल सासू-सासऱ्यांच्या आधी तिला स्वतःला कळला पाहिजे.