एकतर्फी प्रेमाचा नाद : वेळीच ओळखा

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून पेट्रोल टाकून पेटवण्यात आलं. आठवड्याभरात ती गेली. २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. असा नाद एका दिवसात लागत नाही. म्हणून आम्ही घरच्यांशी बोलतो आहोत.

नांदेड-लातूरच्या खेड्यांत रस्ता एक, शेताची वाट एक, एसटीचा थांबाही एकच. नकार दिलेली मुलगी रोज नजरेस पडते. मग झोप उडते, जेवण तुटतं, कामात मन लागत नाही. तिच्या साध्या बघण्यातही होकार दिसू लागतो. तृष्णा हे दुःखाचं मूळ, हे तथागतांनी सांगितलंच आहे.

अशा मुलाला भगताकडे नेऊ नका. 'लग्न लावलं की सुधारेल' हेही खरं नाही. त्यात दुसऱ्या मुलीचं आयुष्य अडकतं. त्याचं ऐकून घ्या, पण खोटी आशा देऊ नका. 'मरतो' म्हणाला तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. टेलिमानसच्या १४४१६ वर फोन मोफत आहे, दिवसरात्र. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार मिळतो.

मुलीची शाळा मात्र बंद करू नका. दोष तिचा नाही. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळीच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धोका वाटला तर ११२ लावा.

बाबासाहेबांनी आपल्या मुलींना शिकायला सांगितलं. तिचा नकार मानायला आपण आपल्या मुलांना शिकवू.

जय भीम!