आधी पाणी, मग पत्रिका

सोलापुरातल्या कुठल्याही घरात भिंतीवर कालनिर्णय दिसेल. पण घर चालतं ते पाण्याच्या दिवसावर. आमच्याकडे नळ रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येतो, उन्हाळ्यात आणखी लांबतो. त्यामुळे लेकीचं माहेरपण, पाहुण्यांचं जेवण, सुनेचं डोहाळजेवण, सगळं आधी पाण्याशी जुळवायचं आणि मग पंचांगाशी.

मी पूर्व भागात राहते. उभी नोकरी शाळेत झाली. ‘आज पाणी होतं’ एवढं म्हटलं की पहिल्या तासाचा उशीर माफ. ताप होता म्हटलं तर मात्र मुख्याध्यापिका खोलात शिरायच्या. ताप त्यांना क्वचित यायचा, पाण्याचा दिवस नेमाने.

नळ यायच्या आधी गल्लीत हाक येते. एकीची मराठीत, दुसरीची तेलुगूत, पलीकडून कन्नड, कोपऱ्यावरून दखनी. मग मोटारी सुरू होतात. नळाला थेट मोटार लावायची नसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारी लावतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

घरात कामं वाटलेली आहेत. प्यायचं पाणी सासूबाईंचं. फडकं बांधून त्या पितळी हंडे भरतात. त्यांच्या हंड्याला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. हौद, बॅरल, बादल्या, पातेली माझ्याकडे. गच्चीवरची टाकी भरली की ओरडायचं, एवढंच आमच्या ह्यांच्याकडे. हे पेपर घेऊन वर जातात. टाकी भरल्याचं आम्हाला कळतं, पण ते पन्हाळीतून.

या दिवशी सोलापुरात एक चमत्कार घडतो. ज्या पाण्यासाठी काल ‘हात धुवायला एवढं लागतं का?’ म्हणून नातवाला दटावलं, तेच पाणी आज शिळं ठरून मोरीत जातं. भांडं रिकामं केल्याशिवाय ताजं कुठे भरणार? काटकसर आणि उधळपट्टी एकाच बाईच्या हातून, एकाच सकाळी.

शहराला पाणी येतं तीन वाटांनी. एक, शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने. दुसरी, उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उपसायचं. वाटेत ऊन आणि शेतांच्या मोटारी आपापला वाटा घेतात. तिसरी, ब्रिटिश काळातला हिप्परग्याचा तलाव.

पण जीव सगळा उजनीत. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाचे टक्के आमच्याकडे बारावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त चर्चेत असतात. बारावीला वजा टक्के पडत नाहीत, उजनीला पडतात. धरणात मावतं सुमारे 117 टीएमसी पाणी. त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृत साठा. टक्के मोजायचे ते वरच्या 53 टीएमसीचे. पाणी त्याखाली उतरलं की आकड्यामागे वजा लागतं आणि शहरासाठी दुबार पंपिंग, म्हणजे दोनदा उपसा करावा लागतो. मेलेल्या साठ्यावर जिवंत माणसं उन्हाळा काढतात, आणि पारा चव्वेचाळीसवर असताना तक्रार करायलाही घसा ओला लागतो.

आमची चादर देशभर जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे. पण ती भिजली की दोन माणसांना पिळवत नाही, आणि भिजवायला पाणी किती लागतं हे घेणाऱ्याला दुकानात कोणी सांगत नाही. परगावी सोलापुरी चादर आहेर म्हणून देतात. आमच्याकडे ती धुवायला काढणं हाच सोहळा.

तरी गावाचं दैवत पाहा. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला नंदीध्वज निघतात, त्यांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. आज त्यांचं मंदिर त्याच पाण्यात उभं आहे. भक्ती करायची तर आधी पाण्याची सोय करा, हे त्यांना कळलं होतं. आम्ही नंदीध्वज खांद्यावर घेतले, कुदळ तेवढी राहिली.

मुलगा पुण्यात नोकरीला असतो. हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी त्याचा फोन येतो, आणि ‘कशी आहेस’च्या आधी प्रश्न असतो, ‘पाणी कधी आहे?’ मागच्या दिवाळीत आम्हीच त्याच्या फ्लॅटवर गेलो. पहिल्याच रात्री सासूबाईंनी कुकरपासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत सगळं भरून ओट्यावर मांडलं.

‘आजी, इथं चोवीस तास पाणी असतं गं!’

‘असतंय ना?’ त्या म्हणाल्या. ‘मग भरून ठेवायला काय जातंय की!’