मॉरिस अँड कंपनी : एका गृहसजावट उद्योगाच्या वाटचालीचे विवेचन

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये यंत्रोत्पादित वस्तूंची रेलचेल झाली. कापड, गालिचे, भिंतीवर चिकटविण्याचे नक्षीदार कागद अर्थात वॉलपेपर कारखान्यांतून स्वस्तात बाहेर पडू लागले. मात्र या स्वस्ताईबरोबर वस्तूचे सौंदर्य आणि कारागिराचे कौशल्य या दोहोंचा ऱ्हास होत असल्याची खंत काही कलावंतांना वाटू लागली. कवी, आरेखक व विचारवंत विल्यम मॉरिस (१८३४-१८९६) हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यांनी उभारलेल्या उद्योगाचा विकास कसा झाला आणि सर्वांसाठी कला हे ध्येय बाळगणारी संस्था उच्चभ्रूंची नाममुद्रा का ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्योगाची उभारणी :

मॉरिस यांच्यासाठी वास्तुविशारद फिलिप वेब यांनी ‘रेड हाउस’ हे घर बांधले. मनाजोगते सजावटीचे साहित्य बाजारात न मिळाल्याने मित्रमंडळींनी ते स्वतःच तयार केले. या अनुभवातून १८६१ मध्ये सात भागीदारांची ‘मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी’ स्थापन झाली. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात संस्थेने आपल्या वस्तू मांडल्या. पुढे सेंट जेम्स राजवाड्यातील दालने व साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील भोजनकक्ष यांच्या सजावटीचे काम मिळाल्याने तिची प्रतिष्ठा वाढली. १८७५ मध्ये मॉरिस एकटेच मालक झाले आणि संस्थेस ‘मॉरिस अँड कंपनी’ हे नाव प्राप्त झाले. १८७७ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तिचे विक्रीदालन सुरू झाले. कापड, कागद, गालिचे व लाकडी सामान एकाच दृष्टीने निवडून संपूर्ण घर सजविण्याची सोय येथे ग्राहकास उपलब्ध झाली.

छापकामाचे स्थान :

हाताने विणलेला चित्रपट किंवा भरतकाम एकाच घरी जाते. छापील नक्षी मात्र त्याच ठशांनी पुनःपुन्हा उमटविता येते. म्हणूनच संस्थेच्या विस्तारात छापकामास मध्यवर्ती स्थान लाभले. वॉलपेपरचे छापकाम जेफ्री अँड कंपनीकडे सोपविले होते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र लाकडी ठसा लागे. ‘अकँथस’ (१८७५) या नक्षीस तर तीस ठसे लागत.

रासायनिक रंग मॉरिस यांना भडक व बेभरवशाचे वाटत. वनस्पतिजन्य रंगांचा अभ्यास त्यांनी लीक या गावी टॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत केला. भारतीय रंगद्रव्ये व टसर रेशीम हा वॉर्डल यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. १८८१ मध्ये मॉरिस यांनी मर्टन अॅबी येथे स्वतःची कार्यशाळा उभारली. तेथे कापड प्रथम निळीत रंगवून, नको तेथील निळा रंग ठशाने छापलेल्या द्रव्याच्या साहाय्याने काढून टाकीत. नंतर तांबडा व पिवळा रंग चढवीत. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ (१८८३) ही प्रसिद्ध नक्षी याच पद्धतीची होय. ही प्रक्रिया कित्येक दिवस चाले. साहजिकच हे कापड संस्थेच्या सर्वांत महागड्या छापील कापडांपैकी एक ठरले.

मूलभूत विसंगती :

ज्या वर्षी हे कापड सिद्ध झाले, त्याच वर्षी, म्हणजे १८८३ मध्ये, मॉरिस समाजवादी चळवळीत दाखल झाले. कामगारास त्याच्या कामात आनंद मिळावा आणि सुंदर वस्तू सर्वसामान्यांच्या घरी पोहोचावी, या त्यांच्या दोन अपेक्षा होत्या. पहिलीसाठी कारागिरास पुरेसा वेळ व योग्य मोबदला देणे आवश्यक होते. तो दिला की वस्तूची किंमत वाढे आणि दुसरी अपेक्षा अपुरी राही. कागदाच्या काही साध्या नक्षी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, तरी श्रमिकांचे घर दूरच राहिले. ही विसंगती एका व्यक्तीच्या ढोंगाची नसून हस्तश्रमाच्या अर्थशास्त्रातील आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

उत्तरकाळ :

मॉरिस यांच्या पश्चात संस्था चालू राहिली. १९४० मध्ये ती बंद पडली आणि तिचा वॉलपेपरचा व्यवसाय सँडरसन या कंपनीकडे गेला. २००३ मध्ये सँडरसनसह ही नाममुद्रा वॉकर ग्रीनबँक या समूहाने घेतली. २०२० मध्ये त्या समूहाने ‘सँडरसन डिझाइन ग्रुप’ हे नाव धारण केले. २०१८ मध्ये याच नक्षी एच अँड एम या कंपनीच्या यंत्रनिर्मित तयार कपड्यांवर उमटल्या. मूळ नक्षींवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली असल्याने त्या कोणासही छापता येतात. तथापि जुने ठसे, नमुने व नोंदवह्या यांचा संग्रह आणि नावाची विश्वासार्हता हेच या नाममुद्रेचे खरे भांडवल होय.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, घराच्या सजावटीचा एकसंध विचार, पुनर्मुद्रणक्षम नक्षी आणि प्रतिष्ठित ग्राहकवर्ग या तीन घटकांवर हा उद्योग वाढला. नक्षी सर्वदूर पोहोचली, परंतु ती घडविणाऱ्याच्या श्रमाचा आनंद तिच्याबरोबर पोहोचलाच असे नाही. कोणत्याही हस्तकलेस बाजारपेठ मिळवून देताना वस्तूच्या किमतीबरोबरच कारागिराच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.