गोळीशी वैर कुणाचं? नाव एकाचं, बदनाम सगळे

घसा धरला, दाढ ठणकली, लघवीला जळजळ झाली, की अमॉक्सिसिलिनची पट्टी घरात येते आणि पाठोपाठ धास्तीही: आता गर्भनिरोधक गोळी कुचकामी ठरणार! ही भीती जवळजवळ सगळी चुकीच्या औषधांवर खर्च होते. जिथं धोका खरा आहे, तिथं मात्र बाईला कुणी सावध करत नाही.

खरं वैर रिफॅम्पिसिनचं. टीबीच्या उपचाराचा हा कणा. लघवी केशरी-लाल होते ती याच औषधानं. त्याचा जन्म मोठा गमतीचा. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातली माती मिलानच्या प्रयोगशाळेत पोचली आणि तिच्यातल्या जिवाणूपासून या औषधांचं घराणं निघालं. नाव पडलं ते त्या काळात गाजलेल्या ‘रिफिफी’ या दरोड्याच्या फ्रेंच चित्रपटावरून!

रिफॅम्पिसिन यकृतातल्या विकरांना जोमानं कामाला लावतं. मग गोळीतली हॉर्मोन्स रक्तात पुरेशी टिकतच नाहीत, झपाट्यानं मोडीत निघतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या डॉक्टरांना हे दिसलं: टीबीचे उपचार घेणाऱ्या बायकांना गोळी चालू असतानाही पाळीच्या अधेमधे अंगावरून जात होतं, काहींना दिवसही गेले. याच घराण्यातलं रिफाब्युटिनही असंच वागतं, जरा सौम्यपणे. फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही अँटिबायोटिक्स नव्हेत, पण करामत तीच.

मग बाकीच्यांवर आळ का? गोळीतलं थोडं इस्ट्रोजेन पित्तातून आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते मोकळं करतात आणि ते पुन्हा रक्तात शोषलं जातं. अँटिबायोटिकनं जिवाणूच मेले तर? शंका रास्त होती. पण अँपिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेणाऱ्या बायकांच्या रक्तातली हॉर्मोन्स मोजली, तेव्हा दखल घ्यावी अशी घट सापडली नाही. २०११ मध्ये ब्रिटननं अशा औषधांसाठी जादा काळजीचा सल्ला मागे घेतला. २०२० मध्ये तिथल्याच दुष्परिणामांच्या नोंदी तपासून काही संशोधकांनी पुन्हा शंका काढली. पण नोंदी म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे. एरवीही रोजच्या धबडग्यात गोळी चुकते आणि वर्षाला १०० पैकी साधारण ७ जणींना दिवस जातात. त्यातल्या कुणी त्याच महिन्यात अँटिबायोटिक घेतलेलं असलं, की दोष त्याच्या माथी!

अँटिबायोटिक घेताना उलटी झाली तर? गर्भनिरोधक गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी घ्या. जोराचे जुलाब लागले असतील तर निरोध वापरा.

टीबीचे उपचार चालू असतील तर हे नीट वाचा. उपचार निदान सहा महिन्यांचे, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही त्याचा परिणाम चार आठवडे उरतो. एवढा सगळा काळ माला-एन किंवा माला-डी यांच्या भरवशावर राहू नका. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळीही या काळात कमी पडते. तांबी आणि तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन यांना मात्र रिफॅम्पिसिन धक्का लावत नाही, आणि सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत मिळतात. टीबीची औषधं एक दिवसही बंद करू नका, साधन बदला. डॉक्टरांनी आणि आशाताईंनी टीबीच्या पहिल्याच डोसाला प्रत्येक बाईला विचारावं: ताई, पाळणा लांबवायला काय वापरता?