घरगुती भंगार-संकलन
घरातील टाकाऊ परंतु पुनर्वापरास योग्य वस्तू गोळा करून कारखान्यांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. भारतातील तिचा जुना घटक म्हणजे रद्दीवाला. तो कागद, बाटल्या व पत्रा तोलून विकत घेतो. उरलेले भंगार कचऱ्यातून कचरावेचक निवडतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. पुण्यात त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार करून घरोघरचे संकलन हाती घेतले. सभासदांना घरटी मासिक शुल्क मिळे. शिवाय सुका कचरा प्रतवारीने निवडून भंगारवाल्यास विकता येई. खरकट्याने भिजलेल्या कागदाला भाव येत नाही. म्हणून वर्गीकरण उंबरठ्याच्या आतच व्हावे लागते. बहुपदरी वेष्टनांना मात्र कोरडी असूनही सहसा गिऱ्हाईक नसते. ती वाहण्याचे श्रम तेवढे वेचणारीच्या वाट्यास येतात.